पाठराखीण

ओश

प्रिय हिलोला,

तुझा निरोप मिळून चार दिवस झाले. ज्या भावानं लग्नात तुला एकटीला पाठवलं, त्याचं तोंड बघायचं नाही, असं तू म्हणालीस. तुझ्या नवऱ्यानं, तालाईनं, फोनवर ते चाचरतच सांगितलं. तुझ्या एर्गाशदादांना मी म्हणाले, तुमच्या नारीनचा घाट बर्फानं बंद आहे. त्यांनी मान हलवली. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हटलंय. नान चहात बुडवून भरवावा लागतो, तोही दोन घास.

तू का येत नाहीस, याचं त्यांनी स्वतःच एक उत्तर शोधलं आहे. तिथं उझबेक म्हणवून घ्यायची तिला लाज वाटत असेल, म्हणतात. तुझ्या मुलाच्या दाखल्यावर किर्गीझ लिहिलंय हे कळलं, तेव्हा म्हणाले, "बरं केलं. पोराला कुणी अडवणार नाही." मग नानचा घास पुढे केला, तर तोंड भिंतीकडे फिरवलं.

तुला मागणी आली त्या वर्षी आपल्या गल्लीत किर्गीझ-उझबेक दंगलीत जळलेल्या घरांवर अजून छपरं चढायची होती. तालाईची माणसं आली, तर भाकर मोडायला मोहल्ल्यातला एकही म्हातारा बसेना. भाकर मोडली की मुलगी दिली, आणि किर्गीझांना मुलगी दिल्याचं आपल्या नावावर कुणाला नको होतं. दादांनीच दोन नान एकावर एक ठेवून मोडले आणि अर्धे त्यांच्या हातात दिले.

लग्नाच्या सकाळी शेजारच्या साओदतमावशी आल्या. मी केस विंचरत होते. म्हणाल्या, "पाठराखीण म्हणून चाललीस ना? जा खुशाल. मग तुझ्या दोन्ही पोरींनाही तिकडचेच नवरे बघ. इकडून कोण येतंय?" आणि हसल्या. मीही हसले.

तुला आई नव्हती. पाठराखीण वहिनीच. पडद्याआड तुझ्याजवळ मी बसायचं, सकाळी सासरच्यांना सलाम करताना तुझ्या पाठीवर माझा हात असायचा. तू एकटीनं तीस जणांपुढे वाकलीस, आपल्या पद्धतीनं वाकलीस म्हणून कुणीतरी फिदीफिदी हसलं, हे पुढे तालाईनं सांगितलं. माझ्या पोरी मोहल्ल्यातच दिल्या. दोघींबरोबर पाठराखीण गेली.

गाडीपाशी तू माझा हात धरलास. मी तो सोडवून म्हणाले, "तुझे दादा नको म्हणतायत." ते खोटं होतं. दादांनी माझी पिशवी पहाटेच गाडीत ठेवली होती. मी ती काढून घेतली आणि घरात येऊन त्यांना सांगितलं, किर्गीझ बायकांना उझबेक पाठराखीण नको आहे. त्यांचा विश्वास बसला. त्या वर्षी असल्या गोष्टींवर सगळ्यांचाच बसायचा. अकरा वर्षं मी दोन्हीकडे गप्प राहिले. काल त्यांना सगळं सांगितलं.  मग म्हणाले, "म्हणजे तिला वाटतं, मी..."  म्हणून हे लिहिलं. घाट बंद नव्हताच, उघडा आहे. तू ये. माझ्याशी बोलू नकोस, मी साओदतमावशींकडे जाऊन बसेन आणि का बसले तेही त्यांना सांगेन. पण या आठवड्यात ये.

तुझीच, असं लिहायला धजत नसलेली,
वहिनी मावजुदा