वहीतली चौथी ओळ

दौंड,
८ जानेवारी १९७८

प्रिय सावळाराम,

सप्रेम जयभीम.

‘प्रिय’ लिहून पाच मिनिटं नुसती बसले होते. समोर असताना मी तुला ‘तुम्ही’ म्हणत होते, दादाचा मित्र म्हणून. कागदावर ‘तू’ येतंय. खोडून पाहिलं, पण खोडलेलं पत्र परदेशी पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून दुसरा कागद घेतला आणि पुन्हा ‘तू’च लिहिलं. रागावायचं असेल तर तिकडे रागाव.

तुझं पत्र दादाला सोमवारी मिळालं. तू जुनी व्हॅन घेतलीस, जूनमध्ये बर्फ वितळून घाट उघडतात, आणि आता दादानं आणि हौशीरामभाऊंनी यायचंच, हे सगळं मी नेहमीसारखं मोठ्यानं वाचून दाखवलं. लोको शेडमधून आल्यावर दादाच्या डोळ्यांवर झापड असते, त्यामुळे तुझी सगळी पत्रं चार वर्षं मीच वाचत आलेय. शेवटी असतं, ‘मुक्ताला नमस्कार.’ तेही मीच मला वाचून दाखवते. या वेळी त्याखाली एक ओळ जास्त होती: ‘आपली ती वही पोस्टानं लगेच पाठव, मार्ग सगळा तिच्यात आहे.’ दादानं वही काढून, पुठ्ठ्यात बांधून टेबलावर ठेवली, ‘उद्या पोस्टात टाक’ म्हणाला. त्याला आज सहा दिवस झाले. वही अजून इथंच आहे. मी टाकलेली नाही. का, ते लिहायला बसलेय.

वहीची सुरुवात तुला आठवते? तू सुट्टीत तुझ्या गावी, इनामगावला गेला होतास. तिथं चाललेल्या उत्खननावर तो उंच जर्मन विद्यार्थी आला होता, स्वतः गाडी चालवत थेट जर्मनीतून घोडनदीच्या काठापर्यंत. गाडीचा सायलेन्सर गळून पडलेला. तू तो पत्र्याच्या डब्याचा तुकडा आणि तार लावून बसवून दिलास, आणि जाताना त्यानं तुला त्याचा योरोपचा नकाशा दिला. पुढच्या रविवारी सायकलीवर भीमा ओलांडून तू आमच्या क्वार्टरमध्ये आलास, नकाशा आईच्या लोखंडी पेटीवर पसरलास आणि म्हणालास, “तो एकटा हिथवर येतो, तर आपण तिघं तिथवर का न्हाई जायचं?” दादा हसला. हौशीरामभाऊ हसले नाहीत, कारण वडगाव रासाईला त्यांच्या दारात लष्कराच्या लिलावातली जीप उभी होती आणि तिला उसाच्या बांधावरून फिरवून ते कंटाळले होते.

मग दोन वर्षं रविवार म्हणजे योरोप. तुम्हा तिघांचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं, म्हणून वही माझ्याकडे आली. पहिल्या पानावर मी तुमची तिघांची नावं लिहिली. तुम्ही शेंगा फोडत बोलायचं आणि मी लिहायचं: कुठल्या देशात कुठल्या बाजूनं गाडी चालवायची, कुठल्या घाटात किती वळणं, पाणी कुठं मिळेल. आई चहा देताना विचारायची, “तिकडं भाकरी मिळंल का रं? न्हाईतर चटणी तरी न्या.” मी तीही लिहिली. पान सतरा, ‘लसणाची चटणी, दोन किलो.’ बहात्तरच्या दुष्काळात तर नळाला पाणी नव्हतं आणि आपण पेटीवर वाकून त्या नकाशातली निळी तळी मोजत होतो. हौशीरामभाऊ बोट ठेवून म्हणाले होते, “ह्यातलं एक तळं तालुक्याला दिलं तर काय बिघडतंय त्यांचं?” तेव्हा आपण हसलो खरे.

आणि ती उंचीची भानगड! आपल्या स्टेशनच्या पाटीवर तेव्हा समुद्रसपाटीपासूनची उंची फुटांत होती, सतराशेच्या आतबाहेर. लहानपणापासून मी तीच वाचत आले, त्यामुळे उंची म्हटली की फूट. नकाशात स्टेल्विओ घाटाच्या डोक्यावर आकडा होता २७५७. मी झोकात हिशेब मांडला की दौंडपासून हजारच फूट चढायचं. हौशीरामभाऊ तर मांडीवर थाप मारून म्हणाले, “म्हंजी योरोपचा यवढा नावाजलेला घाट आपल्या पुरंदराच्या कमरेला!” त्या जोरावर तुम्ही स्वेटर यादीतून काढलेत, एका घोंगडीत भागेल म्हणालात, आणि मी नुसती रेघ मारली नाही, तर समासात ‘गरज नाही’ असंही लिहिलं. शहाणी मी.

पुढं तू पिंपरीच्या कारखान्यात लागलास आणि त्र्याहत्तरला त्यांनी तुला दोन वर्षांच्या ट्रेनिंगला तिकडे योरोपात पाठवलं. तिथून माझ्या नावानं आलेलं एकमेव पत्र, चार ओळींचं: ‘मुक्ता, ते आकडे मीटर आहेत. सव्वातीननं गुण. स्वेटर परत लिही.’ मी गुणलं. नऊ हजारांच्या घरात गेलं. दोन पुरंदर एकावर एक ठेवले तरी वर थोडं उरतंच. मला लाज वाटली आणि मी यादीत स्वेटर परत लिहिले. आता शाळेत पोरांनी नुसता आकडा लिहिला की मी विचारते, “सत्तावीसशे काय? बोरं का बैल?” पोरांना वाटतं बाई खाष्ट आहेत. ते चार ओळींचं पत्र मात्र मी वहीत चिकटवून ठेवलंय, स्टेल्विओच्या पानावर.

पण आज मला खरं लिहायचंय ते भुलेश्वरचं. घाटाचा सराव म्हणून तुम्ही जीप भुलेश्वरच्या डोंगरावर काढलीत, आणि वळणं मोजायला कुणीतरी हवं म्हणून मला मागं बसवलंत. दोन वर्षांत मला बरोबर नेलंत ते तेवढंच. मी मोठ्यानं वळणं मोजत होते. सहाव्या वळणावर जीप गुरगुरली, थांबली आणि मागं घरंगळायला लागली. तू ब्रेकवर उभा, दादा तुझ्यावर ओरडतोय, हौशीरामभाऊ खंडोबाला हाका मारतायत. मी उडी टाकली, दगड उचलला आणि चाकामागं लावला. जीप थांबली. माझ्या बोटाचं नख काळंनिळं झालं होतं. दादा म्हणाला, “पोरगी कामाची हाय.” हौशीरामभाऊ म्हणाले, “पुढच्या बारीला दगड गाडीतच ठिवू.” तू रुमाल ओला करून माझ्या बोटाला बांधलास आणि गाठ दोनदा सोडून पुन्हा मारलीस. मी तेव्हा समजले की जीप घसरल्यामुळे. आता तितकीशी खात्री नाही. रुमाल माझ्याकडे आहे. परत मागू नकोस.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी वहीत ‘एक दगड’ असं लिहिलं. तो दगड लावणार कोण, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तुमच्याही नाही आणि खरं सांगू, तेव्हा माझ्याही नाही. पहिल्या पानावर तुमच्या तीन नावांखाली एक ओळ मी कोरी सोडली होती. कशासाठी सोडली, हे मी मलाही सांगितलं नव्हतं.

तू गेलास त्या दिवशी फलाटावर वही मागितलीस. मी म्हटलं, “ऱ्हाऊ द्या, वहीसाठी तरी परत याल.” तू हसून डब्यात चढलास. तू आला नाहीस. दोन वर्षांचे चार झाले. मधल्या काळात स्टेशनची पाटीही मीटरमध्ये झाली. मला दोन स्थळं येऊन गेली. पहिल्याला मी काळी वाटले. दुसऱ्याला मी आवडले होते, पण त्यानं विचारलं, “नोकरी सोडाल ना?” आणि मला एकदम ‘गरज नाही’ हे समासातलं माझं अक्षर आठवलं. मी नाही म्हटलं. 

तर आता वहीचं. तुझं पत्र वाचलं त्या दिवशी मी दादाला सांगितलं, वही पोस्टानं जाणार नाही, माझ्याबरोबर जाईल. त्याला वाटलं मी मुंबईच्या पोस्टात टाकायला निघालेय. मग मी पासपोर्ट त्याच्यासमोर ठेवला. गेल्या पावसाळ्यात अर्ज केला होता, कुणाला न सांगता, शाळेच्या पत्त्यावर. चौकशीला आलेल्या हवालदारानं विचारलं होतं, “बाई, कशापायी चाललाय?” मी म्हटलं, घाट बघायला. तो म्हणाला, “दिवे घाट तर हिथंच हाय की.” माझ्या तिकिटाचं मी पाहिलंय, शाळेत लागल्यापासून बाजूला टाकत आलेय. आईला वाटतं लग्नासाठी. दादानं पासपोर्टातला फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, “यवढं तोंड पाडून कशापायी बसलीस?” म्हणजे त्याची हरकत नाही. व्हॅनमध्ये चार जागा असतीलच. काल रात्री जेवणं झाल्यावर मी पहिल्या पानावरची चौथी ओळ भरली. शाई वाळेपर्यंत आई शेजारी उभी होती. तिला वाचता येत नाही, पण ओळी मोजता येतात. तिनं फक्त एवढंच विचारलं, “मुक्ते, तू फिराया चाललीस का ऱ्हायाला?” त्याचं उत्तर, सावळाराम, माझ्या एकटीच्या हातात नाही. मी म्हटलं, “आई, पत्र टाकून विचारते.” म्हणून हे पत्र. हे टाकलं की आई रोज पोस्टमनच्या वाटेकडे बघत बसेल. उत्तर दादाच्या नावानं पाठवू नकोस, माझ्या नावानं पाठव.

उत्तर काहीही आलं तरी स्वेटर घेऊन येणारी,

तुझीच,
मुक्ता