चिंचेनं घासलेली शिवराई

प्रिय मामा,

मामीनं आज परत विचारलं, "डबी कवा येणार रं?" मी म्हणालो, "तिकडं लाइन मोठी हाय, मामी." तिला खरं सांगता येईना, म्हणून तुला लिहितोय. तू तरी काय करणार म्हणा!

डबी म्हणजे तुझ्या शिवराईची, त्या जुन्या तांब्याच्या नाण्याची. ग्रेडिंगवाले नाणं तपासतात, दर्जाचा आकडा देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून पाठवतात, हे तूच तिला सांगितलेलं. तू उन्हाळ्यात गेलास, पण कपाटातला वरचा खण तिनं त्या डबीसाठी अजून मोकळा ठेवलाय.

उद्यमनगरातल्या कारखान्यातनं प्रेसवरची ड्यूटी संपवून तू यायचास, हातपाय धुवायचास आणि भिंग काढायचास. "शिवराया काय, किलोवर मिळत्यात की! पण ठसा मोठा, तांब्याची चकती लहान, वर हातोडा मारणार माणूस. कुठं 'राजा' उडाला, कुठं 'छत्र'. समदी अक्षरं, भोवतीचं ठिपकं, दोन्ही अंगांनी पुरं बसलेलं नाणं दाव मला एक!" मग स्वतःचंच दाखवायचास. मी मात्र अर्ध्यातून पळायचो, बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवलेला असायचा. एकदा कान धरून बसवलं असतंस तर!

"पक्या, किती उरली ते एक, आन अशी किती उरली ते दुसरं," एवढं मात्र कानात राहिलं. त्यावर मामी आतनं ओरडायची, "माझ्यासारख्या किती उरल्यात ते बी बघा की!"

भावकी तुला हसायची ना, तांब्याचे तुकडे गोळा करतोय म्हणून? मामीला तो आकडा त्यांच्यासाठी पाहिजे. "इकायचं न्हाय मला," म्हणते. "माझा माणूस येडा नव्हता, एवढं एकदा कुणीतरी लिवून दिऊ दे."

खंडेनवमीला मी मलकापुरात होतो, दोस्ताच्या टेम्पोवर. पुढं आंबा घाटात काय धुकं असतं, मामा, पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा... ते राहू दे. घरी पोचलो तर पाटावर तुझा पाना, कॅलिपर, भिंग, आणि मधोमध शिवराई. गुलाबी! नव्या तांब्याभांड्यासारखी!

"वरीस सरस्तवर सण न्हाय," मामी म्हणाली, "पण तुज्या मामाची हत्यारं बिनपुजेची कशी ठिवू? समदं चिंचेनं घासलं. बघ कसं लखलखतंय! आता आकडा मोठाच ईल न्हवं?"

"धाडतोच उद्या," म्हणालो आणि शिवराई रुमालात घेतली. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेल्या त्या तपकिरी रंगाला तू बोटसुद्धा लागू द्यायचा नाहीस, नाणं कडेनं धरायला लावायचास. तिला का नाही सांगितलंस रे? जो ऐकत नव्हता त्या भाच्याला शंभरदा सांगितलंस!

उचगावच्या तुझ्या नाणेवाल्या दोस्ताकडे, बापूंकडे गेलो. त्यांनी बराच वेळ भिंगातनं बघितलं.

"अक्षरं समदी हायत. ठिपकं बी. पण कातडं सोललंय, गड्या. घासलेल्याला आकडा देत न्हाईत. 'साफ केलेलं' एवढंच लिवत्यात."

"परत रंग चढवला तर?"

"चढवलेला बी वळखत्यात."

"मग काय करू, बापू?"

"काय करतोस? ठेव उघड्यावर. पडंल काळं हळूहळू. तुझ्या न्हाय तर तुझ्या पोरांच्या वक्ताला."

तेव्हापासून शिवराई बापूंच्या फळीवर आहे, आणि मामीला वाटतंय ती ग्रेडिंगला गेलीय. तू म्हणत होतास तसा ठसा पुरा आहे, मामा, तुझं काही चुकलं नव्हतं. पण तेवढंच कसं सांगू? लगेच विचारील, "मग आकडा?" पूजा केली बिचारीनं. तिला कुठल्या तोंडानं सांगू, की त्या पूजेनंच गेलं?

पुढच्या खंडेनवमीला, कुठंही असलो तरी, तिनं चिंच भिजत घालायच्या आत मी शिवराई घेऊन घरात असेन. पाना मी घासीन, भिंग मी पुसीन. शिवराई कडेनं धरून पाटावर ठेवीन आणि म्हणेन, "मामी, हिला नुसतं फूल वाहायचं." ती डबीचं विचारणारच. त्या वेळी बाहेर कितीही हॉर्न वाजू दे, मामा, मी उठणार नाही.

तुझा,
पक्या