गुंडाच्या पान्याचा खरा जबाब

मी हंबीरराव नाथाजी फडतरे, वय बेचाळीस, पूर्वी लष्करी विमानांचा मिस्त्री, हल्ली शेती, राहणार वडूज. छाती बिघडली आहे, डोकं नाही. कुणाच्या भिडेनं नव्हे, राजीखुशीनं हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

कलम १. राहतं घर धाकटा भाऊ अर्जुना यास. दोन वर्षांत तंबाखू मागायलाच काय तो आला, तरी भाऊ आहे.

कलम २. मिस्त्रीकामाची हत्यारंही त्यालाच. गेल्या चार दसऱ्यांत मी त्यांना हळदकुंकू लावलेलं नाही. कारण लिहितो. १९४३ ची खंडेनवमी. पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, ही आपली रीत. माझी पेटी पुजून झाली आणि साहेबाचा हुकूम आला, विमान तासाभरात उडालं पाहिजे. तीन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. जोडीदार गुंडा शेलार, मेढ्याचा, म्हणाला, "माजा पाना घे गड्या, माजी पूजा व्हायचीय अजून." काम संपल्यावर मी सवयीनं माझी पेटी मोजली. पूर्ण भरली, सही ठोकली. उसना पाना विमानाच्या शेपटीत राहिला. सुकाणूच्या तारा अडकल्या आणि वाईचा अनंत, बावीस वर्षांचा पायलट, जळून गेला.

चौकशीत प्रश्न एकच, पाना कुणाचा? त्यावर गुंडाचा नंबर. तो तिथं राहिला कसा, माणसं किती दिवस जागी होती, हे कुणी विचारलं नाही. नाव सापडलं, चौकशी आटोपली. गुंडानं माझं नाव घेतलं नाही, नुसतं माझ्याकडं बघितलं. मी बुटांकडं बघत राहिलो. हरामखोरीच ती, दुसरा शब्द नाही. त्याला बडतर्फ केलं. गावानं माणूसमाऱ्या म्हटलं. गेल्या चैत्रात तो वारला.

कलम ३. विहिरीखालची दोन एकर गुंडाची बायको बनुबाई हिला. हे सांगायला गेलो तर म्हणाली, "आवं, जमीन घिऊन काय करू? पाणवठ्यावर बाया अजून मला बघून सरकत्यात. तुमी मेल्यावर ह्यो कागद वाचणार, तवर मी तोंड कुटं दाखवू?"

खरं बोलली बाई. मेल्यावर कबूल करणं सोपं असतं.

कलम ४. म्हणून हा कागद माझ्या मरणाची वाट बघणार नाही. येत्या सोमवारी मेढ्याच्या चावडीवर, बनुबाईसमोर, मी स्वतः उभा राहून तो वाचणार.

सही: हंबीरराव नाथाजी फडतरे
वडूज, ता. ५ ऑगस्ट १९४८

साक्षीदार: आकाराम भाऊसो गोडसे, शेजारी. चिंतामण केशव आपटे, पोस्टमास्तर.

दोघांनी वाचून माझ्यासमोर सह्या केल्या. सोमवारी सोबत या म्हटलं, तर दोघांनाही सवड नाही.