गोल ओरखडा

प्रिय जोक्कुट्टी,

फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू "वर्की, दुरुस्त करत बसू नकोस, टाकून दे, नवीन पाठवतो" म्हणतोस आणि ठेवून देतोस. नऊ वर्षं हेच चाललंय. म्हणून हे पत्र ओसेफच्या जावयाच्या बॅगेत, तुझ्या केळ्याच्या वेफर्सखाली घालतोय. शनिवारी तो कुवेतला उतरेल. आधी पत्र वाच, मग वेफर्स खा.

माझं दुकान चालू आहे, म्हणजे शटर रोज वर जातं. आपल्या पाला गावच्या बाजारात डीव्हीडी प्लेअर उघडणारा आता मी एकटाच उरलोय. सगळे मोबाइलवर बघतात. फळीवर सहा प्लेअर पडलेत, मालक त्यांना विसरूनही गेले. माझी बायको अच्चाम्मा म्हणते, "याला दुकान कशाला म्हणता, स्मशान म्हणा की." तुझी आई, आपली अम्मच्ची, मात्र नेमानं यायची. दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी, चर्च सुटलं की प्लेअर चादरीत गुंडाळून रिक्षातून उतरायची. "वर्की, पुन्हा तिथंच अडलं बघ."

तिथंच म्हणजे कुठे, हे तू तिला कधी विचारलं नसशील. नऊ वर्षांपूर्वी तुझे वडील, अप्पच्चन, अंगणात कोसळले तेव्हा ही सावरायला धावली, पायरीवरून पडली आणि खुबा मोडून घेतला. नवऱ्याला मूठमाती दिली त्या दिवशी ती दवाखान्यात होती. आपल्याकडे लग्नापेक्षा मयताची फिल्म जास्त काळजीनं काढतात, परदेशातल्यांना पाठवायची असते ना. तुमच्याकडे उलटंच झालं. परदेशातला हजर, घरातली गैरहजर. तिनं सगळं डिस्कवरच पाहिलं, घरातली प्रार्थना, अंत्ययात्रेपुढचे क्रूस, चर्च, आणि पेटी बंद करण्याआधी एकेकानं घ्यायचं शेवटचं चुंबन. तुझे काका वाकतात, कपाळाला ओठ लावतात, आणि पडद्यावर चौकोन चौकोन होऊन चित्र थिजतं. पुढचा नंबर तुझा होता.

तू कुवेतला परत गेलास तो पुन्हा आलाच नाहीस, एकामागून एक तीन नवे प्लेअर तेवढे पाठवलेस. तिन्ही तिथंच अडले. "कुवेतचं मशीनही पाल्यात आलं की आळशी होतं रे," म्हणून ती हसायची. मी झाकण उघडायचो, आतलं भिंग कापसानं पुसायचो, धडधाकट पट्टा काढून दुसरा घालायचो आणि वैद्यासारखं तोंड करून सांगायचो, "अम्मच्ची, बघू किती दिवस टिकतंय." जोक्कुट्टी, त्यातल्या एकाही मशीनला काही झालेलं नव्हतं.

झालं होतं ते डिस्कला, आणि ते मी केलं होतं. तुमचा जुना प्लेअर तेव्हा माझ्याकडेच दुरुस्तीला होता, म्हणून शूटिंगवाल्या साजीनं डिस्क दुकानातच आणून दिली. चालते का बघावं म्हणून लावली. तू पेटीपाशी आलास, हात मागे बांधलेस आणि न वाकताच वळलास. तुझ्या बायकोला, राधाला, परधर्मातली म्हणून चर्चच्या फाटकाबाहेर उभं केलेलं, तेही मागे उघड्या दारातून दिसत होतं. "ती पोरगी माझ्या दारात यायची नाही, मी मेल्यावरही नाही," हे तुझ्या बापाचे शब्द सगळ्या आळीनं ऐकले होते. तुझा राग मला कळत होता. पण खुब्यात सळई घालून घरी येणाऱ्या बाईनं पहिल्यांदा हे बघायचं? फिल्मचा शेवट डिस्कच्या बाहेरच्या कडेला असतो. आतून बाहेर गेलेला ओरखडा मशीन ओलांडून जातं, पण कडेनं फिरलेला गोल ओरखडा त्याला पचत नाही. पॉलिश पेपर बोटाखाली धरला आणि कडेनं फिरवला. साजीनं कॅमेऱ्यातली मूळ टेप पुढच्याच लग्नाला वापरून टाकली होती, म्हणजे दुसरी प्रत निघणार नव्हती. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला पुण्य केल्यासारखं वाटलं.

गेल्या मंगळवारी अम्मच्चीनं बोलावलं. दोन्ही मूत्रपिंडं थकलीत, डॉक्टरांनी तिला घरी पाठवलंय. तुला कळवायचं नाही अशी तिनं सगळ्यांना शपथ घातलीय, ती मी आज मोडतोय. पलंगाशी प्लेअर मांडून ठेवला होता. "आज तरी चालव रे." माझ्याच्यानं झाकण उघडवेना. तिथंच खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं.

ती रागावलीसुद्धा नाही. म्हणाली, "वेड्या, त्यानं चुंबन घेतलं नाही हे मला तीन बायका दवाखान्यातच सांगून गेल्या. संत्री घेऊन आल्या होत्या. ते कशाला बघायचंय मला? वळल्यावर माझ्या पोराचं तोंड कसं होतं, ते बघायचं होतं. रागानं गेला का रडत गेला, एवढंच."

आणि ते मी पाहिलं होतं. साजीचा कॅमेरा तुझ्या मागोमाग बाजूच्या दारापर्यंत आला होता. तू शर्टाची बाही दातांत धरून रडत होतास. राधा फाटकातून धावत आत आली आणि तिनं तुझं डोकं खांद्यावर घेतलं, तेही होतं. तुझा न वाकलेला माथा झाकायला गेलो आणि तुझं रडणंही पुसून बसलो. हे सगळं तिला सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "नऊ वर्षं तू चांगल्या मशीनला आजारी म्हणत आलास, वर्की. आता मरणारीला बरं वाटावं म्हणून हेही सांगशील." आणि तिनं कूस बदलली.

डॉक्टर आठवडा म्हणतात, फार तर दहा दिवस. आता नवीन मशीन पाठवू नकोस, आणि माझ्या हातून तर आता काहीच दुरुस्त व्हायचं नाही. माझ्या शब्दावर तिचा विश्वास उरला नाही, तो मीच घालवला. तू ये. राधाला घेऊन ये, तुमच्या घरच्या फाटकाची कडी मी काढून आणलीय, दुकानात आहे. आलास की काही बोलू नकोस, माफीबिफी मागत बसू नकोस. तिच्यासमोर बस, आणि नऊ वर्षं तिला जे बघायचं होतं ते तुझं तोंड तिला डोळे भरून बघू दे.

तुझाच,
वर्की