जीपचं पहिलं इंजिन

४ सप्टें.
पुण्याचं गिऱ्हाईक आल्तं, दादांची, म्हणजे माझ्या वडलांची, जीप बघायला. मी मारे छाती फुगवून सांगून राह्यलो, वडलांनी एक नट बदलला न्हाई म्हणून. त्यानं बॉनेट उघडलं, आरसी बुक काढलं न् तोंड पाडलं. "इंजिन नंबर जुळत नाही. हे मागून बसवलेलं डिझेल आहे. मूळचं पेट्रोल इंजिन मिळालं तर दुप्पट देतो. नाहीतर ही नुसती जुनी गाडी." बायकोसमोर फजिती.

५ सप्टें.
टेंभुर्णीला आईला फोन. जुनं इंजिन कुठंय? मंग म्हणे, "विहिरीवरल्या खोलीत."
दुष्काळात दादांनी जीपचं इंजिन काढून विहिरीवर बसवल्तं, पाणी उपसायला. दादांच्या भावाचं, बबनकाकाचं, उपरणं इंजिनाच्या पट्ट्यात गेलं, त्यातच काका गेले. मला जन्मभर सांगितलं, पाय घसरून विहिरीत पडले. त्याच जीपमधून दादा मला शाळेत सोडायचे, कधी एक शब्द न्हाई. लय राग आला. दादा तर गेले, आता कोणावर काढू?

१३ सप्टें.
रशीदभाई मिस्त्रीला घेऊन शेतात गेल्तो. ताडपत्री उचलली, तर इंजिनावर वाळलेला झेंडूचा हार. बबनकाकामागं काकू दर खंडेनवमीला दोन हार करती, एक जीपला, एक शेतात. मला वाटायचं, पाण्याच्या मोटरीला.
रशीदभाई म्हणले, इतकी वर्षं पडलंय, जाम असंल. हँडल लावलं तर गर्रकन फिरलं. हात पुसत म्हणले, "साहेब, इसको हर साल कोई तेल देता है."

१४ सप्टें.
काकू भाकरी थापत होती. विचारलं, ज्यानं काकाला नेलं त्यालाच तेल?
मान वर केली न्हाई. "शेवटाला तेच व्हतं त्यांच्यापाशी. मी बी न्हवते."


२१ सप्टें.
पुण्याचे तीन फोन. उचलले न्हाईत. बायको म्हणती, "विका एकदाची, अंगणात पाय ठेवायला जागा न्हाई." बराबर आहे तिचं.
जीप चालू करून पाह्यली. लहानपणापासूनची हीच धडधड, पण आज परकी वाटली. दादांना रोज काय वाटत असंल, हा आवाज ऐकून?

२८ सप्टें.
खंडेनवमी तोंडावर. रशीदभाई विचारून राह्यले, "जुनं बसवू का? दोन दिवसांचं काम." पुण्याचा उद्या यायचं म्हणतो.
संध्याकाळी काकूचा फोन. झेंडू तोडायला घेणार म्हणे.
"अवंदा हार दोन करू, का एकच?"
मी हॅलो, हॅलो करत राह्यलो. आवाज बिलकुल साफ येत होता.