कार्ब्युरेटरचे स्क्रू जागच्या जागी

दादा,

मी मावशीकडे जातेय. फोन करू नकोस, उचलणार नाही. वहिनीला सांग, जेवायला थांबू नका.

बाबांची मोटारसायकल "हिची थडथड थांबवून दाखव, मग तुझीच," असं तू वहिनीसमोर म्हणाला होतास. सहा रविवार मी त्यात घातले. चार सिलिंडरचे चार कार्ब्युरेटर. चौघांना पारदर्शक नळ्या जोडून कोण किती हवा ओढतो ते मोजलं आणि मधले स्क्रू केसाकेसाने फिरवत सगळ्यांना एका पातळीवर आणलं. तू येता-जाता म्हणायचास, "शास्त्रज्ञबाई, प्रयोग संपला की चहा टाका." काल पहिल्यांदा, इंजिन चालू असताना, तिच्या आरशात माझा चेहरा न थरथरता दिसला.

आज सकाळी दारात तू गिऱ्हाइकाला सांगत होतास, "मी स्वतः ट्यून केलीय, नुसत्या कानाने." मी मागेच उभी होते. नंतर विचारलं, तर म्हणालास, "अगं, तू गंमत म्हणून करत होतीस ना?"

तो चार वाजता गाडी न्यायला येणार आहे. काम सुरू करण्याआधी कुठला स्क्रू किती फिरलेला होता, ते मी लिहून ठेवलं होतं. तू बाहेर गेलास तेवढ्यात चौघांनाही मोजून तिथेच नेऊन ठेवलंय. गाडी सुरू होईल, फक्त पूर्वीसारखी थडथडेल. धोका काही नाही.

स्क्रूड्रायव्हर सीटवर आहे. नळ्या माझ्या होत्या, त्या नेल्या. तुला कान पुरेल.