पाठीमागून घेतलेली हजेरी

प्रिय भुंगाबाई,

वयाने मोठा असल्यामुळे आशीर्वाद देण्याचा माझा अधिकार अद्याप कोणत्याही परिपत्रकाने काढून घेतलेला नाही, तेव्हा आधी अनेक आशीर्वाद. आणि लगोलग एक गंभीर तक्रार. गेले चार सोमवार राज्य शासनाने माझे गुडघे माझ्या हनुवटीला टेकवून ठेवले आहेत. आमच्या बालशिक्षण आणि संगोपन विभागाला नवे सल्लागार लाभलेत. धोरण आखणाऱ्याने जग मुलांच्या उंचीवरून पाहिलं पाहिजे, असा त्यांना साक्षात्कार झाला. तेव्हापासून सोमवारची आढावा बैठक आम्ही बालवाडीच्या खुर्च्यांवर बसून घेतो. खुर्ची पिवळ्या प्लॅस्टिकची, वीत-दीड वीत उंच, पाठीला हसरं बदक. मी छप्पन्न वर्षांचा, सहा फूट दोन इंच. बदकाची चोच नेमकी माझ्या चौथ्या मणक्यात रुतते. परवा उपसंचालकसाहेब चर्चा आटोपून उठले तर खुर्चीही त्यांच्यासोबत उठली आणि थेट दारापर्यंत त्यांना पोचवायला गेली. एकाचीही हसायची छाती झाली नाही. तू असतीस तर त्याच दिवशी निलंबित झाली असतीस.

हे तू हसावंस म्हणून लिहिलं. हसली असशील तर बरं, नसशील तरी वाचत राहा. चौदा महिने तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाहीस आणि ते का, हे मला ठाऊक आहे. या पत्रात तुझ्याकडे एक मागणं आहे. शाळेत असताना तुझी पेन्सिल हवी असली तरी मी आधी अर्धा तास हवापाण्याबद्दल बोलायचो, तसाच आताही बोलणार. पण मागणं आपल्या नातीसाठी, छोटीसाठी आहे, माझ्यासाठी नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पत्र अर्ध्यावर टाकून उठणार नाहीस.

तर हवापाणी असं. ज्या आदर्श केंद्रात तुझी बालवाडी विलीन केली, ते पूर्ण होऊन आठ महिने झाले. भिंतींवर मासे, ढग, अंक. दारात जिराफ. उद्घाटनाला मंत्री आले, एका मुलाला मांडीवर घेऊन फोटो झाला, ते मूल रडायला लागल्यावर दुसरं आणलं. हात धुवायची बेसिनं मात्र मोठ्या माणसांच्या उंचीवर बसली, कारण कंत्राटदाराने कार्यालयाच्या स्वच्छतागृहाचा नकाशा जसाच्या तसा वापरला. मग लाकडी पायऱ्या मागवल्या. त्या आल्या, पण दारातून आत जाईनात. सध्या जिराफाजवळ ठेवल्यात. मुलं ओळीत उभी राहतात आणि मदतनीस बाई एकेकाला कडेवर उचलून हात धुते. तिची कंबर धरलीय. तिमाही अहवालात या सगळ्या प्रकाराला ‘प्रत्येक बालकाकडे वैयक्तिक लक्ष’ असं म्हटलंय. ते शब्द माझे.

मला या खात्यात उसनं आणलं तेच शब्दांसाठी. वीस वर्षं कॉलेजात रूपं घोकून घेणारा माणूस बालशिक्षणाचं काय भलं करणार, असं तू विचारलं होतंस. उत्तर सोपं होतं. सल्लागार काहीबाही बोलतात, मी त्याला भारदस्त नाव देतो, आणि नाव दिल्यावर ती गोष्ट अस्तित्वात आहे असं सगळ्यांना वाटू लागतं. बालनिरीक्षण पत्रक मी असंच घडवलं. वीस चौकटी, दर चौकटीला पाच गुण. त्यातली माझी सगळ्यात लाडकी चौकट ‘आसनस्थैर्य’. मूल जागेवर शांत बसतं का, इतरांना व्यत्यय न आणता. सचिवांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला आणि मान डोलावली. मी तो दिवसभर मिरवत होतो. संध्याकाळी तुझ्याकडे येऊन तुला वाचूनही दाखवला. तू गवार मोडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, दादा, तू कधी तीन वर्षांचं मूल पाहिलंयस का, का नुसतीच त्याची विभक्ती? मी हसलो. तू हसली नव्हतीस, हे मला आता आठवतं.

तुझी बालवाडी मी नीट पाहिली ती एकदाच, पत्रक घेऊन निरीक्षकाबरोबर आलो तेव्हा. गाड्या दुरुस्तीच्या कारखान्यामागच्या त्या दोन खोल्या. पलीकडे हातोडे, अलीकडे बावीस मुलं, आणि कुणाचा आवाज जास्त ते ठरवणं अवघड. डब्यांत बिया, गोट्या, मोडके चमचे. एक मूल पालथ्या टोपलीखाली बसून टोपलीसकट सरकत होतं आणि तू त्याला वळसा घालून चालत होतीस, जणू खोलीत टोपल्या फिरतातच. मग तू हजेरी घेतलीस. मुलांना खिडकीकडे तोंड करून बसवलंस आणि स्वतः त्यांच्या मागे गेलीस. हातात किल्ल्यांचा जुडगा. कुणाचं नाव दोन हातांवरून घ्यायचीस, कुणाचं दहा हातांवरून, कुणाचं इतकं हळू की मला ते ऐकू आलं नाही. ज्याचं नाव घेतलं ते मूल गर्रकन वळायचं आणि चोर सापडल्यासारखं खिदळायचं. मधेच तू नाव न घेता नुसत्या किल्ल्या वाजवायचीस. निरीक्षकाने लिहिलं, शिक्षिका मुलांच्या पाठीमागे उभी राहते, वर्गावर नियंत्रण नाही. मी तुला बाजूला घेऊन विचारलं, हा काय पोरखेळ? तू म्हणालीस, पोरांचाच आहे. आणि तुझ्या पत्रकात यासाठी चौकट आहे का, ते आधी सांग.

चौकट नव्हती. आसनस्थैर्यात तुझ्या वर्गाला पाचपैकी दीड पडला. राज्यातल्या दोनशे केंद्रांत तू शेवटून दुसरी. शेवटचं केंद्र पुरात वाहून गेलं होतं.

नंतर तुझी बालवाडी विलीन करायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीपुढे तुझं म्हणणं मांडायची वेळ आली. मी टेबलाच्या टोकाला इतिवृत्त लिहायला बसलो होतो. तू इस्त्रीची साडी नेसून आली होतीस आणि तुझा आवाज पहिल्या दोन वाक्यांत कापला, हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसेल. तू सांगितलंस की नोकरीच्या चौथ्या वर्षी तुझ्या वर्गात एक मुलगा होता. अतिशय गुणी. सांगाल तिथे बसायचा, भांडण नाही, दंगा नाही. तू दोन वर्षं त्याच्या आईला त्याचं कौतुक सांगत राहिलीस. पुढे शाळेत गेल्यावर कळलं की त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, तो इतरांकडे बघून बघून बसायचा, उठायचा, टाळ्या वाजवायचा. तोवर बोलणं शिकायचं त्याचं वय निसटत चाललं होतं. त्या वर्षापासून मी पाठीमागून हजेरी घेते, तू म्हणालीस. जे मूल गप्प बसतं त्याला मी पैकीच्या पैकी देणार नाही. त्याच्याकडे मी दोनदा बघेन.

अध्यक्ष म्हणाले, बाई, घोषवाक्य छान आहे, भिंतीवर रंगवून घेऊ. सगळे हसले. भुंगाबाई, मीही हसलो. अध्यक्ष हसतात तेव्हा टेबलाच्या टोकालाही हसावं लागतं, असं मी स्वतःला सांगितलं. आणि त्या मुलाची हकीकत मी इतिवृत्तात घेतली नाही. ‘वैयक्तिक स्वरूपाचे निवेदन’ म्हणून गाळली. त्या जागी लिहिलं, सदस्यांनी शिक्षिकेचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. तुला ती प्रत टपालाने गेली असणार. त्यानंतर तुझं पत्र आलं नाही.

त्याच महिन्यात नवी नियमावली निघाली. कलम सात: शिक्षिकेने सर्व वेळ मुलांच्या समोर, मुलांना आपला चेहरा दिसेल असे उभे राहावे. हेही मीच लिहिलं. तुला परगावच्या साहित्य भांडारात पाठवलं. ऐकतो, की तिथे छतापर्यंत खोकी आहेत, खोक्यांत खुळखुळे, ठोकळे, डफ, आणि पावसाळा संपेपर्यंत ती फोडायची नाहीत असा आदेश आहे. माझ्या माहितीत, मुलांशिवाय एक दिवस न काढलेली तू एकटीच. आणि एकही मूल जिथे येत नाही तिथल्या खेळण्यांची राखण आम्ही तुला दिली.

आता घरचं. छोटी पुढच्या महिन्यात साडेतीन वर्षांची होईल. तू शेवटची पाहिलीस तेव्हा दुडुदुडू धावत होती. आदर्श केंद्रात तिला मीच घातली, शिफारस करून. तिथे मुलगी इतकी नावाजली गेली की तुझी वहिनी जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगते. आठ महिन्यांची आठ पत्रकं, आसनस्थैर्यात आठही वेळा पाचपैकी पाच. फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलीत. पाणी प्यायला गेलो की मला माझीच चौकट दिसते आणि त्यात माझी नात. बोलते थोडं. दहा-बारा शब्द, तेही बोबडे. सूनबाई म्हणते आजोबांनी सगळे शब्द वापरून टाकले, हिच्यासाठी काय उरणार. या विनोदावर आम्ही सगळे, मी धरून, बरेच महिने हसलो. माणसाच्या तोंडाकडे इतकं टक लावून बघते की समोरच्याला वाटावं, आपण काहीतरी महत्त्वाचं सांगतोय. मला तर फारच वाटायचं.

गेल्या रविवारी दुपारी ती बाल्कनीच्या दाराशी, माझ्याकडे पाठ करून, कपड्यांचे चिमटे रंगांप्रमाणे लावत बसली होती. मी कपाट उघडत होतो. किल्ल्यांचा जुडगा हातातून फरशीवर पडला. आतल्या खोलीतून तुझी वहिनी ओरडली, काय पाडलंत? छोटीने मान वळवली नाही. मी वाकलो, किल्ल्या उचलल्या, आणि वाकलेलाच राहिलो, कारण तुझा जुडगा आठवला. मग मी तिची हजेरी घेतली. दहा हातांवरून नाव घेतलं. पाच हातांवरून घेतलं. अगदी मागे जाऊन किल्ल्या वाजवल्या, आधी हळू, मग जोरात. ती हिरव्या चिमट्याशेजारी हिरवा चिमटा लावत राहिली. शेवटी माझी सावली तिच्या चिमट्यांवर पडली तेव्हा ती वळली, आणि मला बघून गोड हसली.

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, बाबा, ती रमली होती खेळात, तुम्ही उगाच काहीतरी मनात घेता. मी हट्टच धरला तेव्हा त्याने फ्रिजवरून पत्रक काढून माझ्यासमोर धरलं. हे बघा, तुमच्याच खात्याने लिहून दिलंय, वर्गातली सगळ्यात समंजस मुलगी. खाली माझं नाव छापलेलं, रचनाकार म्हणून. केंद्रातल्या बाईंना फोन केला तर त्या दुखावल्याच. सर, अशी वीस मुलं मिळाली तर आम्ही धन्य होऊ. त्यांचंही चुकलं नाही. कलम सातप्रमाणे त्या आठ महिने तिच्यासमोर उभ्या आहेत, आणि समोर उभं राहिलं की ती सगळं बरोबर करते.

कानाच्या डॉक्टरांची वेळ येत्या गुरुवारी सकाळी अकराची मिळालीय. घरात कुणाची तयारी नाही. मुलगा म्हणतो, नसतं खूळ, सूनबाई माझ्याशी बोलत नाही, तुझी वहिनी देवासमोर बसते आणि मधेच येऊन छोटीला हाका मारून बघते, पण समोरून. तू बुधवारी ये. तुझा भाचा माझं ऐकणार नाही, तुझं लहानपणापासून ऐकत आलाय. येऊन तिच्या मागे उभी राहा, तुझ्या पद्धतीने हजेरी घे, आणि तुला काय दिसतं ते त्या दोघांना सांग. माझं चुकलं असेल तर माझ्या तोंडावर हस, मी ते आनंदाने इतिवृत्तात घेईन. तुझ्या त्या मुलाची हकीकत मात्र आता कुठे घालता येणार नाही. ते इतिवृत्त मंजूर झालं. मी चौकशी केली.

एवढी पानं खर्ची घालून जे लिहायचं टाळत होतो ते असं आहे. मला वाटतं, आपल्या छोटीला ऐकू येत नाही. आठ महिने ती गप्प बसली आणि मी तिला पैकीच्या पैकी देत राहिलो. अजून वेळ आहे का, हे मला कळत नाही, भुंग्या, आणि मला फार भीती वाटते.

बुधवारी तुला गाडीवर घ्यायला उभा असणारा,
तुझाच
दादा